दोन बटणं

रबाळे, गाळा नंबर एकोणचाळीस. शुक्रवारची सुट्टी.
मागे पारसिकचा डोंगर, खाणीनं अर्धा खाल्लेला.
कॉम्प्रेसर आपलं पोट भरतोय,
सहा बारला पोचला की टक् करून गप्प,
जेवून उठलेल्या माणसासारखा.

टेबलावर मांडून ठेवलंय:
तळहाताएवढा बोर्ड,
सहा मिलीमीटरची निळी नळी,
चोवीस व्होल्टचा व्हॉल्व्ह,
आणि जुन्या मशीनचा काढून
रॉकेलनं धुतलेला सिलिंडर.

बोर्डाचा आवाज बारीक. पाच व्होल्टची कुजबुज.
व्हॉल्व्हला तेवढ्यानं ऐकू येत नाही.
मधे एक दुभाषा लागतो, तीन पायांचा,
इकडचं पुटपुटणं तिकडे ओरडून सांगणारा.

पहिल्या शुक्रवारी डायोड लावला नाही.
बंद करताना कॉइल मागे लाथ मारते
हे वाचलं होतं, पटलं नव्हतं.
एक निळा ठिपका, जळका वास,
साडेचारशे रुपये.
बशीरमामू कॉम्प्रेसरचं तेल बघत म्हणाले,
दुभतीच्या लाथा गोड म्हणतात ना तुमच्यात?
खा.

पट्टी प्लसकडे. पट्टी प्लसकडे.
वहीत तीनदा लिहिलं, शाळेतल्या शिक्षेसारखं.

मग तीन ओळी:
पिन आठ चालू.
अर्धा सेकंद थांब.
बंद.

ठॉक्.

समोर पेन्सिल ठेवली होती, गंमत म्हणून.
तिचे दोन तुकडे.
कुणी हसलं नाही,
कारण शटरखालून वाकून आत आलेली चंपाताई
तिथेच उभी होती,
डावा हात पदराखाली.

तिची तर्जनी पहिल्या पेरापाशी थांबते.
पायानं चालवायचा प्रेस होता तो.
पत्रा सरळ करायला हात आत गेला
आणि पाय,
पाय आपल्या सवयीनं.
रिपोर्टात लिहिलं: निष्काळजीपणा.
पेडलचं नाव कुठेच नाही.

"ह्याला कळतं का," तिनं विचारलं,
"पेन्सिल आहे का बोट?"
नाही म्हणालो. हवेला कळत नाही.
बोर्डाला शून्य कळतं, एक कळतं, बस.
"पण तुला कळतं ना?
मग तू सांग त्याला."

तीन आठवडे सांगत होतो.
दांडा धावायचा, त्याला चालायला शिकवलं.
येणारी हवा आवळू नको, मामू म्हणाले,
जाणारी आवळ.
पाव फेरा. अजून पाव फेरा.
मग दोन बटणं, दोन हात अंतरावर,
एक कोपर आणि एक बोट असं जमू नये इतकी लांब.
अर्ध्या सेकंदात दोन्ही दाबली तरच खाली,
एक जरी सुटलं तरी वर.
आणि एखाद्यावर चिकटपट्टी लावून ठेवली तर?
(लावतात. मीही लावली आहे. पीसवर पैसे मिळतात.)
तर दोन्ही सुटल्याशिवाय पुढचा पीस नाही.
लाल बटण मात्र बोर्डाला विचारतच नाही,
थेट हवा सोडून देतं.
माझ्या तीन ओळींवर
कुणाचं बोट ठेवायची माझी छाती नव्हती.

तीन ओळींच्या आता एकशे सत्तर झाल्या.
मशीन करतं तेच,
पत्र्याला एक भोक.

पहिला पीस चंपाताईनं लावला.
उजवा हात बटणावर.
मशीन थांबून राहिलं.
आम्हीही.
मग पदराखालून डावा आला,
ट्यूबलाइटच्या उजेडात, सगळ्यांसमोर,
आणि तर्जनीच्या जागी तिनं मधलं बोट टेकवलं.

फुस्स. ठक. फुस्स.

भोकाच्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला,
पत्रा डोळ्यांसमोर धरून भोकातून माझ्याकडे बघितलं.
"डावं बटण जरा खाली घे," म्हणाली,
"खांदा दुखेल दिवसभरात."

पान्हा शोधायला मी वाकलो.
मामूंनी कॉम्प्रेसर बंद केला.
नळीत उरलेली हवा
बराच वेळ कुठूनतरी बारीक गळत होती.
साबणाचं पाणी लावून बघायला हवं.